लेखाचा सातबारा

सप्टेंबर उजाडला की साताऱ्याच्या कास पठारावर फुले येतात आणि त्यांच्या मागोमाग मोबाइलवर फुलांचे फोटो. त्यातला एखादा फारच देखणा असतो. पुढे सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, मागे तेरड्याची गुलाबी लाट, वर टेकायला आलेले ढग. आठवडाभरात तोच फोटो चार ठिकाणी भेटतो. एका दैनिकाच्या जिल्हा पानावर त्याखाली कुणाचेच नाव नसते. दुसऱ्यात ‘छाया : प्रतिनिधी’ असते. एका संकेतस्थळावर ‘सौजन्य : इंटरनेट’ आणि आणखी एकावर चक्क ‘फोटो : गूगल’.

गूगल कासच्या चिखलात गुडघे टेकून बसले होते, असे त्या ओळीला म्हणायचे नसते. फोटो कुणाचा हे शोधायला वेळ नव्हता, एवढाच तिचा अर्थ. पण खरे कोडे पुढेच आहे. यातल्या एखाद्या माध्यमाने फोटो रीतसर पैसे देऊन घेतला असेल आणि तरीही तो दुसऱ्याला देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसेल, तर? स्वतः छापायचा हक्क आहे, पण पुढे द्यायचा नाही, हे कसे?

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला याचे उत्तर समजावून घ्यायला कायद्याचे पुस्तक आधी उघडावे लागत नाही. सातबारा उतारा आठवला तरी पुरतो. गाव नमुना सातवर जमिनीचा मालक कोण आणि ‘इतर हक्क’ कुणाचे, हे लिहिलेले असते. बारावर त्या जमिनीत कोणते पीक घेतले त्याची नोंद असते. जमीन कसणारा एक, मालक दुसरा, विहिरीच्या पाण्यात वाटा तिसऱ्याचा, असे सर्रास असते. लेखाचे आणि छायाचित्राचेही तसेच आहे. फरक इतकाच की त्यांचा उतारा तलाठ्याकडे मिळत नाही. तो संपादकीय विभागालाच तयार करून ठेवावा लागतो.

एकदा शिजवायचे, चार पंगतींना वाढायचे

एका माध्यमाने तयार केलेला मजकूर दुसऱ्या माध्यमाला ठरलेल्या अटींवर वापरायला देणे, याला सिंडिकेशन म्हणतात. कल्पना जुनी आहे. १८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या काही वृत्तपत्रांनी मेक्सिकोच्या युद्धाच्या बातम्या आणण्याचा खर्च वाटून घेतला आणि त्यातून असोसिएटेड प्रेस उभी राहिली. १८८४ मध्ये सॅम्युएल मॅक्‌क्लुअर याने कथा आणि लेख विकत घेऊन ते एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना पुरवण्याचा धंदा अमेरिकेत सुरू केला. भारतात १९४९ पासून प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजे पीटीआय, देशभरच्या वृत्तपत्रांना बातम्या देऊ लागली.

हिशेब सरळ आहे. प्रत्येक दैनिकाला प्रत्येक तालुक्यात माणूस ठेवणे परवडत नाही. साताऱ्याच्या एखाद्या दैनिकाने माणदेशातल्या चारा छावण्यांवर मेहनतीने लेख तयार केला, तर तो मुंबईच्या साप्ताहिकाला, इंग्रजी संकेतस्थळाला किंवा एखाद्या शेतीविषयक मासिकालाही उपयोगी पडतो. देणाऱ्याला थोडे पैसे मिळतात आणि घेणाऱ्याचा प्रवासखर्च वाचतो.

मात्र इथे जे विकले जाते ती वस्तू नसते. गुळाची ढेप विकली की ती गाडीत बसून निघून जाते. लेख विकल्यावरही मूळच्या दैनिकाकडे राहतोच. म्हणजे विक्री होते ती वापराच्या परवानगीची. आणि ज्याच्याकडे स्वतःपुरती परवानगी आहे, त्याला त्याहून मोठी परवानगी दुसऱ्याला देता येत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

किर्लोस्करवाडीचे एक पान

एका पानावर किती मालक असू शकतात, हे पाहायला सांगली जिल्ह्यातच एक उत्तम नमुना आहे. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९२० मध्ये तिथल्या नांगराच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुढे त्यातले ‘खबर’ गळाले आणि ‘किर्लोस्कर’ मासिक महाराष्ट्रभर पोहोचले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. एका माळावरच्या औद्योगिक वसाहतीतून तीन मासिके निघत होती. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकारही होते.

समजा, आजच्या एखाद्या माध्यमाला १९३०च्या दशकातले ‘किर्लोस्कर’चे एक पान जसेच्या तसे छापायचे आहे. पानावर वि. दा. सावरकरांचा विज्ञाननिष्ठेवरचा लेख आहे, शेजारी शंवाकिंचे व्यंगचित्र आहे, खाली कारखान्याचे एक छायाचित्र आहे आणि कोपऱ्यात बिननावाचा चुटका आहे.

वाचकाला हे एक पान दिसते. कायद्याला त्यात चार निरनिराळी घड्याळे दिसतात.

भारतात लेख, चित्र वगैरेंचा स्वामित्वहक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजतात. सावरकरांचे निधन १९६६ चे, म्हणून त्यांच्या लेखाचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. शंवाकि १९७५ मध्ये गेले, म्हणून व्यंगचित्राचा हक्क २०३५ अखेरपर्यंत. छायाचित्रांचा हिशेब २०१२ पूर्वी वेगळा होता. त्यांची मुदत छायाचित्रकाराच्या आयुष्यावरून ठरत नसे. त्यामुळे १९३०च्या दशकात छापलेल्या छायाचित्राचा हक्क संपून बराच काळ लोटला. बिननावाच्या मजकुराची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षे. तोही आता मोकळा.

एकाच पानावरचे दोन तुकडे मोकळे आणि दोन राखीव. शिवाय मासिकाचे नाव हे व्यापारचिन्ह म्हणून आणखी वेगळे. ‘अंक आमच्या कपाटात आहे’ या वाक्याला इथे काहीच वजन नाही. अंकाचा कागद कपाटवाल्याचा असतो. त्यावर छापलेल्या मजकुराचा मालक दुसराच असू शकतो.

सालगडी, गवंडी आणि पाहुणा

आता जुन्या पानावरून आजच्या पानाकडे येऊ. मजकुराचा पहिला मालक कोण, हे कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ वरून ठरते. सर्वसाधारण नियम असा की जो निर्माण करतो तो मालक. लेख लिहिणारा लेखाचा, फोटो काढणारा फोटोचा. मग अपवाद सुरू होतात.

पहिला अपवाद वृत्तपत्राच्या नोकराचा. पगारावर असलेल्या बातमीदाराने वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, वृत्तपत्राचा मालक असतो. पण कायद्याने इथे एक बारीक मेख मारून ठेवली आहे. ही मालकी फक्त वृत्तपत्रात, मासिकात किंवा तशाच नियतकालिकात छापण्यापुरती आहे. बाकी सर्व बाबतीत मालक लिहिणाराच. त्याच लेखांचे पुस्तक काढायचे झाले किंवा त्यावर चित्रपट करायचा झाला, तर बातमीदाराला विचारावे लागते. या कलमात संकेतस्थळ, पॉडकास्ट, व्हिडिओ यांची नावे नाहीत. म्हणून ज्यांना ते वापर हवे असतात ते शहाणे मालक नेमणूकपत्रातच तसे लिहून घेतात.

दुसरा प्रश्न त्याहून नाजूक. जत, आटपाडी, माण, खटाव इथला वार्ताहर बहुतेकदा पगारी नोकर नसतो. त्याची शेती असते, दुकान असते किंवा दुसरी नोकरी. बातमीमागे वा महिन्याकाठी ठरावीक मानधन मिळते. कायदा नोकरीचा करार आणि कामाचा करार यांत फरक करतो. वाड्यावरचा सालगडी आणि भिंत बांधायला बोलावलेला गवंडी यांच्यात जो फरक असतो, तोच हा. दोघांनाही पैसे मिळतात, पण गवंडी वाड्याचा नोकर होत नाही. मानधनावरचा वार्ताहर गवंड्याच्या बाजूला येतो. त्याने काही लिहून दिले नसेल, तर मजकुराचा पहिला मालक तोच. दैनिकाला मिळते ती आपल्या पानात छापण्याची परवानगी.

म्हणजे जिल्हा आवृत्तीतला बराचसा अस्सल मजकूर, ज्याला बाहेरच्या माध्यमांकडून मागणी येते, तो नेमका अशा माणसांचा असतो ज्यांच्याकडून कागद करून घेतलेला नसतो.

हा धडा अमेरिकेत फार महागात शिकला गेला. काही मुक्त लेखकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि इतर प्रकाशनांवर दावा लावला. त्यांचे म्हणणे साधे होते : लेख छापील अंकासाठी दिले होते, ते संगणकीय संग्रहात घालून विकायला कुणी सांगितले? २५ जून २००१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने लेखकांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर हजारो जुने लेख त्या संग्रहातून काढावे लागले.

तिसरा प्रकार पाहुण्याचा. कासवरचा लेख एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी लिहिलेला असतो, शिवारातला फोटो वाचकाने हौसेने पाठवलेला असतो. पैशाचा व्यवहारच नसल्याने कागदही नसतो. ‘छापा’ म्हणून पाठवलेल्या फोटोचा अर्थ ‘तुमच्या अंकात छापा’ असा होतो. ‘हवा त्याला विका’ असा होत नाही.

खरेदीखत की खंड?

मालक कळला की पुढचा प्रश्न : त्याने किती दिले? जमिनीच्या भाषेत दोनच वाटा आहेत, खरेदीखत किंवा खंड. कॉपीराइटमध्येही तसेच. हक्क कायमचा वा ठरावीक काळासाठी दुसऱ्याच्या नावावर करून देणे म्हणजे अभिहस्तांकन; हे खरेदीखत. मालकी स्वतःकडे ठेवून वापरू देणे म्हणजे परवाना, हा खंड. खंडाने शेत घेतलेल्याला ते विकता येत नाही आणि मालकाला न विचारता तिसऱ्याला पोटखंडाने देताही येत नाही. सिंडिकेशनमधल्या बहुतेक भानगडी या पोटखंडाच्या असतात.

अभिहस्तांकन तोंडी चालत नाही. कलम १९ प्रमाणे ते लेखी हवे, देणाऱ्याची सही हवी आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे लिहिलेले हवे. घाईत केलेल्या कागदात काही राहून गेले तर कायदा स्वतःच रिकाम्या जागा भरतो, आणि त्या लेखकाच्या बाजूने भरतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत, तर न वापरलेले हक्क, करारात वेगळे म्हटले नसल्यास, रद्द झाले असे समजले जाते. परवान्यांनाही हेच नियम गरजेप्रमाणे लागू होतात.

यातले ‘कोणते हक्क’ हे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे. कॉपीराइट हा एक हक्क नसून जुडी आहे : छापण्याचा, भाषांतराचा, रूपांतराचा, लोकांपर्यंत पोहोचवण्याचा. ऊसतोड कामगारांवरचा सांगलीचा मराठी लेख इंग्रजी साप्ताहिकाला द्यायचा तर पुनर्मुद्रणाची परवानगी पुरत नाही. भाषांतराचा हक्क वेगळा मागावा लागतो. त्याच लेखाचे पॉडकास्ट करायचे तर आणखी वेगळा.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक कुंपण घातले. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते वा व्यापारी वापरात नव्हते, त्यासाठी तो करार लागू होत नाही. त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच होतो. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे’ अशी ढोबळ ओळ लिहून भविष्यावर कब्जा मिळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकवण्यासाठी मजकूर वापरणे हा सध्याचा असाच नवा वापर. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने याच मुद्द्यावर ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यामुळे आता सिंडिकेशनच्या करारांत या वापराला होकार की नकार, असे स्वतंत्र कलम घालणे गरजेचे झाले आहे.

आणि एक गोष्ट खरेदीखतानेही हलत नाही. शेत विकले तरी बांधावरच्या म्हसोबाच्या ठाण्याला कुणी हात लावत नाही. तसे कलम ५७ चे हक्क लेखकापाशी राहतात. कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचा हक्क. दुसऱ्या माध्यमाने लेख अर्धा कापून त्यावर उलट्या अर्थाचा मथळा चढवला, तर ‘आम्ही पैसे मोजले आहेत’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. म्हणून करारात किती कापायचे, मथळा कुणी ठरवायचा आणि बदल झाल्यास कुणाला दाखवायचे, हेही लिहितात.

छायाचित्राच्या तीन अडचणी

लेखापेक्षा फोटोची वाट जास्त निसरडी असते. पहिली अडचण मिश्र मालकीची. कासच्या लेखासोबत चार फोटो आहेत असे समजा. एक पगारी छायाचित्रकाराचा, एक मेढ्याच्या हौशी तरुणाचा, एक पीटीआयचा आणि एक हॉटेलने जाहिरातीसाठी काढून घेतलेला. लेखाचे सगळे हक्क दैनिकाकडे असले, तरी पीटीआयचा फोटो ग्राहक म्हणून स्वतः छापण्यापुरता मिळालेला असतो. तो पुढे देता येत नाही. घेणारे माध्यम पीटीआयचे ग्राहक असेल तर त्याने तो थेट तिथून घ्यावा, नाहीतर फोटो गाळून लेख जातो. मेढ्याच्या तरुणाला विचारावे लागते. हॉटेलच्या फोटोत तर मालक छायाचित्रकार नसतोच. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. लग्नाच्या अल्बमचेही असेच. त्यामुळे छायाचित्रकाराने ‘माझाच फोटो आहे, घ्या’ म्हटले तरी हॉटेलला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी अडचण नाव गळून पडण्याची. डिजिटल छायाचित्राच्या पोटात माहितीचे रकाने असतात : कुणी काढला, कुठे, हक्क कुणाचा, कोणत्या अटींवर वापरावा. वृत्तसंस्थांनी जगभर सारखे वापरावेत म्हणून हे रकाने आयपीटीसी या संस्थेने ठरवून दिले आहेत. एखाद्या पोत्याला लावलेल्या चिठ्ठीसारखी ही माहिती फोटोबरोबर फिरते. पण तालुक्यातून जिल्ह्याला फोटो येतो तो व्हॉट्सॲपवर. तिथे फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि चिठ्ठी गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल चिठ्ठीसकट पोहोचते. ‘सौजन्य : इंटरनेट’ची बरीचशी पैदास या एका बटणापाशी होते. आणि ही चिठ्ठी परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ पासून भारतात गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

तिसरी अडचण म्हणजे चूक साखळीतून पुढे जात राहणे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने पहिल्या काही तासांतले फोटो ट्विटरवरून टाकले. दुसऱ्याच एका माणसाने ते स्वतःचे म्हणून पुन्हा टाकले. एएफपी या वृत्तसंस्थेने ते त्या दुसऱ्याच्या नावाने उचलले आणि गेटी इमेजेसमार्फत जगभर गेले. पुढे एएफपीने नाव दुरुस्त केले, फोटो मागे घ्यायची सूचनाही पाठवली. तरी चुकीच्या नावाने साठवलेल्या प्रती गेटीच्या यंत्रणेत विकायला राहिल्याच. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. एका जागी चुकलेला सातबारा पुढच्या प्रत्येक फेरफारात तसाच उतरत जातो, तसेच हे.

चौकटीतल्या माणसाचे काय?

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली ४५ फूट ही धोक्याची पातळी. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत होडीतून बाहेर काढलेल्या बायाबापड्या, छपरावर बसलेली कुटुंबे, गळ्यापर्यंतच्या पाण्यात डोक्यावर लेकरू घेतलेली माणसे, अशी छायाचित्रे देशभर छापली गेली. बातमी म्हणून ती छापणे रास्तच होते.

पण समजा, वर्षभराने एखाद्या विमा कंपनीच्या जाहिरातीसाठी तसाच एक फोटो मागितला गेला. छायाचित्रकार तयार, दैनिक तयार. चौकटीतल्या बाईला कुणी विचारले? फोटोचा मालक फोटो काढणारा असला, तरी तिचा चेहरा तिचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात खासगीपणाचा हक्क मांडताना संमतीशिवाय कुणाचे नाव वा रूप जाहिरातीसाठी वापरणे हा त्याचा भंग असल्याचे म्हटले, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. म्हणून सिंडिकेशनला दिलेल्या अशा फोटोवर ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ असा शेरा असतो. जाहिरातीत घ्यायचा तर त्या व्यक्तीचे लेखी संमतीपत्र लागते.

काही चेहरे तर बातमीतही चालत नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची किंवा बालन्याय कायद्याखाली संरक्षण असलेल्या मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. दैनिकाने आपल्या पानावर चेहरा धूसर केला आणि सिंडिकेशनच्या फीडमध्ये चुकून मूळ फोटो गेला, तर तो दुसऱ्या राज्यातल्या पानावर उघडाच छापला जाईल. अशा वेळी मूळ फोटो फीडमध्ये घालतच नाहीत, फक्त धूसर केलेला जातो.

चौकट : पाठवण्यापूर्वी उताऱ्यावर काय हवे?

- मालक : लेखाचा, प्रत्येक फोटोचा, प्रत्येक रेखाचित्राचा स्वतंत्र.
- कागद : नेमणूकपत्र, सही केलेला करार किंवा लेखी परवानगी. तोंडी ‘हो’ची नोंद चालत नाही.
- काय देता येते : पुनर्मुद्रण, भाषांतर, संकेतस्थळ, ध्वनी-चित्र. जे लिहिलेले नाही ते नाही.
- किती काळ, कुठे : न लिहिल्यास पाच वर्षे आणि भारत.
- बोजा : वृत्तसंस्थेचा फोटो, केवळ संपादकीय वापर, धूसर चेहरा, अमुक वेळेपूर्वी छापू नये.
- नाव : लेखकाची आणि छायाचित्रकाराची ओळ नेमकी कशी छापायची.
- वाटणी : पुढच्या विक्रीतला लेखकाचा आणि छायाचित्रकाराचा हिस्सा.
- मागे घेणे : चूक निघाल्यास सूचना कुणाला आणि किती वेळात.

विचारावे लागत नाही तेव्हा

एवढे वाचून कुणाला वाटेल की एकमेकांचे काहीच घेता येत नाही. तसे नाही. घटना कुणाच्याच मालकीची नसते. कृष्णेला पूर आला, हळदीचा भाव वधारला, ही माहिती सर्वांची. राखीव असते ती ती सांगण्याची विशिष्ट शब्दरचना. परीक्षणासाठी, टीकेसाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी बेताने उतारे घेण्याची मुभा कलम ५२ देते.

त्याच कलमात वृत्तपत्रांसाठी एक जुनी, फारशी कुणाच्या लक्षात नसलेली सवलत आहे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख दुसऱ्या वृत्तपत्राने छापला तर तो भंग होत नाही. लेखकाने पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवला असेल तर मात्र होतो. मराठी नियतकालिकांच्या पानाखाली बारीक अक्षरांत येणारे ‘हक्क राखीव’ इथे कामाला येते. सवलत लेखापुरती आहे. सोबतच्या फोटोला ती नाही. आणि तिच्या बाहेर गेल्यावर ‘साभार’ या शब्दाने काही साधत नाही. साभार म्हणजे आभार मानले. परवानगी घेतली असा त्याचा अर्थ होत नाही.

शेवटी काळही हक्क मोकळे करतो. औंधच्या श्री भवानी संग्रहालयातली राजा रविवर्म्याची चित्रे घ्या. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, चित्रांवर आता कॉपीराइट नाही. पण संग्रहालयात कॅमेरा न्यायचा तर संग्रहालयाचा नियम पाळावाच लागतो. तो हक्क चित्राचा नसून दाराचा आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची नाटके कुणीही छापावीत. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. माडगूळच्या गदिमांचा २०३७ अखेर आणि त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांचा २०६१ अखेर संपेल. एकाच घरातले दोन भाऊ, आणि मध्ये २४ वर्षांचे अंतर.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले. १ जानेवारी २०३० पासून ‘फकिरा’चा मजकूर कुणालाही छापता येईल, पुरवणीत क्रमशः देता येईल, भाषांतर करून दुसऱ्या माध्यमाला पाठवता येईल. त्या दिवशीही ‘फकिरा’च्या एखाद्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाचा फोटो सोबत द्यायचा असेल, तर ते चित्र कुणी काढले आणि तो चित्रकार कधी गेला, हे पाहण्यासाठी उपसंपादकाला पुस्तकाचे दुसरे पान उघडावे लागेल.